चोर पिंप

वळणं संपता संपेनात आणि गाडीत कुणी कुणाशी बोलेना. थोरला गाडी चालवत होता, म्हणजे रस्त्यावर राग काढत होता. त्याच्या शेजारी वहिनी, मागे अप्पा आणि बेबी. बेचाळिशी उलटली तरी घरात तिला बेबीच म्हणत आणि तिनंही त्याबद्दल कुरकुर करणं कधीच सोडून दिलं होतं.

"अजून किती वर?" थोरल्यानं विचारलं.

"दगडी कमान आली की डावीकडे," वहिनी म्हणाली.

"तुला बऱ्या खाणाखुणा ठाऊक!"

"बाजारात एक बाई भेटली होती, तिनं सांगितलं. छोटीशी जागा आहे, दोन-चार माणसं राबतात, पण वाइन चोख असते म्हणे."

"म्हणे," थोरला म्हणाला आणि त्यानं पुढचं वळण जरा जास्तच जोरात घेतलं.

यंदा खाली त्यांच्या द्राक्षबागेवर भुरी पडली होती. घडच्या घड पांढरे पडून सुकले आणि तळघरातली निम्मी पिंपं रिकामी राहिली. कुणाची तरी चांगली वाइन घेऊन आपल्या वाइनमध्ये मिसळायची आणि हे वर्ष निभावून न्यायचं, यावर घरात एकमत झालं होतं. तेवढ्या एकाच गोष्टीवर. ती वाइन चांगली की वाईट हे ठरवणार कोण, यावर मात्र गेले कित्येक दिवस जेवणाच्या टेबलावर तोंडं फुगलेली होती.

आजवर ते अप्पाच ठरवत आले होते. त्यांच्या आधी त्यांचे वडील. तळघरातल्या लांब टेबलाच्या टोकाला एक उंच पाठीची खुर्ची होती. तिच्यावर बसणाऱ्यानं आधी घोट घ्यायचा, आधी बोलायचं, आणि तो बोलेपर्यंत बाकीच्यांनी तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, ही घराची रीत. अप्पांचं नाक हा पंचक्रोशीत दबदब्याचा विषय होता. लोक त्यांना आधी नाकानं ओळखत आणि मग नावानं.

आणि त्या नाकाला आता काही म्हणजे काही कळत नव्हतं. काही वर्षांपूर्वी मोठा ताप येऊन गेला, अप्पा अंथरुणातून उठले, आणि वास काही परत आले नाहीत. कॉफी, साबण, धूर, पिकलेलं द्राक्ष, सगळं सारखंच, म्हणजे काहीच नाही. हे अप्पांना माहीत होतं आणि बेबीला. तिसऱ्या कुणालाही नाही. अप्पांनी तिला तळघरात एकटीला बोलावून सांगितलं होतं, आणि सांगताना ते रडले होते. बापाला रडताना बघून बेबी इतकी घाबरली, की त्यांनी जे मागितलं त्याला तिनं होकार देऊन टाकला.

तेव्हापासून पेले बेबी भरायची. भरता भरता वास घ्यायची आणि पेला अप्पांच्या हातात देण्याआधी त्याचा तळ फडक्यानं पुसायची. पुसला म्हणजे चांगली. न पुसता दिला म्हणजे खराब. मग अप्पा डोळे मिटायचे, मान तिरकी करायचे आणि निकाल द्यायचे, आणि तो निकाल बिनचूक असायचा. बेबीचं नाक होतंच तसं. फक्त तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

एकदाच गडबड झाली. गेल्या वर्षी बेबी पाठ धरल्यानं अंथरुणाला खिळली होती आणि अप्पांनी एकट्यानं एका पिंपाला होकार दिला. त्या बाटल्या गावोगावहून परत आल्या. तेव्हापासून थोरला म्हणत होता, की प्रयोगशाळेतला एक शिकलेला माणूस ठेवू, त्याच्याकडे यंत्रं असतात. "यंत्राला नाक असतं का रे?" अप्पा म्हणाले होते आणि सगळे हसले होते. बेबी सगळ्यात मोठ्यानं हसली होती. ती खुर्ची गेली तर अप्पांकडे काय उरेल, हे तिला दिसत होतं. सकाळी उठून कपडे कशासाठी घालायचे हेही त्यांना कळलं नसतं.

दगडी कमान आली. गाडी डावीकडे वळली आणि उतारावरच्या चिमुकल्या बागेपाशी थांबली. टेकडीच्या पोटात कोरल्यासारखी एक बुटकी इमारत, लाकडी दार, अंगणात एक टेबल आणि धुऊन उलटी ठेवलेली पिंपं. धुकं इतकं खाली आलं होतं की बागेचं वरचं टोक दिसत नव्हतं.

दार उघडलं आणि रबरी बूट घातलेली एक म्हातारी बाहेर आली. केस पुरुषासारखे कापलेले, बोटं द्राक्षांच्या रसानं कायमची जांभळी झालेली. तिनं बाकी कुणाकडेही पाहिलं नाही. ती सरळ अप्पांकडे बघत राहिली.

"आलास भाऊ?" ती म्हणाली.

अप्पांचा हात गाडीच्या दारावर तसाच राहिला. "चिंगे," ते म्हणाले.

आत्या! बेबीनं तिला शेवटचं पाहिलं तेव्हा ती आत्याच्या मांडीवर बसण्याएवढी होती. थोरला वहिनीकडे वळला. त्याचा आवाज बारीक झाला होता, आणि तो बारीक झाला की घरातली मांजरंही पळायची.

"हे तुला माहीत होतं?"

"होतं," वहिनी म्हणाली. "बाजारात ह्याच भेटल्या मला. म्हणाल्या, भावाला एकदा घेऊन ये. सांगितलं असतं तर आला असतात का तुम्ही?"

"नसतो आलो."

"म्हणून नाही सांगितलं."

"भांडणं आत येऊन करा," आत्या म्हणाली. "बाहेर गारठा आहे."

आत्याची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती, कारण ती कुणी नीट सांगायचंच नाही. आजोबांनी तळघरात एक पिंप मुद्दाम बिघडवून ठेवलं होतं. लाकडाला आतून बुरशी लागलेलं, ओल्या पोत्याचा वास मारणारं. त्यात दरवर्षी थोडी नवी वाइन ओतून ते जिवंत ठेवायचे. त्याचं नाव चोर. चव घ्यायला बसलं की आजोबा चांगल्या पेल्यांत एखादा पेला चोराचा सरकवून द्यायचे. ज्याला ओळखू येईल त्यानं बोलायचं नाही, फक्त पेला टेबलावर पालथा घालायचा. मग आजोबा खदाखदा हसायचे आणि सगळ्या घराला ऐकू जाईल असं ओरडायचे, "चोर सापडला!"

आत्याला तो दर वेळी सापडायचा. अप्पांना बहुतेक वेळी. तरी आजोबा थकले तेव्हा खुर्ची अप्पांना मिळाली, आणि आत्याला सांगण्यात आलं की तू लग्न करून जाशीलच. अप्पा तेव्हा गप्प बसले. त्याच आठवड्यात आत्या निघून गेली. दागिने नेले नाहीत, कपडेही धड नेले नाहीत. चोर तेवढा घेऊन गेली. पुढे अप्पांनी दुसरं पिंप बिघडवून नवा चोर तयार केला होता, पण तापानंतर तोही त्यांनी बंद केला. पोरखेळ आता पुरे, असं सांगून.

तळघर बाहेरून वाटलं त्याहून खोल होतं. भिंती ओल्या, पिंपं लहान, पण जमीन इतकी स्वच्छ की जेवायला बसावं. आत्यानं टेबलावर पेले मांडले. बेबीनं सवयीनं खिशातून फडकं काढलं आणि बाटलीकडे हात नेला.

"ठेव गं ते," आत्या म्हणाली. "माझ्या घरी मी देणार."

"मी भरते ना आत्या, तू बस."

"आजन्म उभीच आहे. आता बसून काय करू?"

बेबीनं अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी हातांची घडी घातली होती.

"चालू कर," ते म्हणाले. "बघू तरी काय शिकलीस."

पहिली पांढरी होती. अप्पांनी पेला कंदिलापुढे धरला, घोट जिभेवर फिरवला, बादलीत थुंकला. जीभ त्यांची अजून शाबूत होती. आंबट, तुरट, कडू एवढं तिला कळायचं, आणि तेवढ्या भांडवलावर ते बोलले. "धार चांगली आहे. द्राक्षं लवकर तोडलीस."

"वर थंडी लवकर येते," आत्या म्हणाली. तिचा चेहरा किंचित सैल झाला.

बेबीनं घोट घेतला. वाइन फार सुंदर होती. एरवी तिला बोलायचं सुचलं असतं, पण तिचं लक्ष आत्याच्या हातातल्या बाटलीकडे होतं. दुसरी लाल. अप्पा म्हणाले, "तुरटपणा जिरायला अजून वेळ लागेल." तेही बरोबर होतं. थोरला आळीपाळीनं अप्पांकडे आणि बेबीच्या रिकाम्या हातांकडे बघत होता.

"आता थांबा जरा," आत्या म्हणाली आणि कंदील घेऊन आतल्या बाजूला गेली. काहीतरी ओढल्याचा आवाज आला, बूच निघाल्याचा आवाज आला. मग ती पेले घेऊन परतली आणि हसत होती. इतका वेळ दगडासारखी वागलेली बाई एकदम लहान मुलीसारखी हसत होती. तिनं अप्पांचा पेला त्यांच्यापुढे सरकवला आणि दोन्ही हात एप्रनमध्ये लपवून वाट बघत उभी राहिली.

बेबीनं आपला पेला नाकाशी नेला आणि तिला सगळं कळलं. ओलं पोतं. बंद खोली. कुजलेलं लाकूड. आत्यानं चोर आणला होता. घरातून पळवलेला तो चोर तिनं इतकी वर्षं दरवर्षी नवी वाइन ओतून जिवंत ठेवला होता, आणि आता तो भावापुढे ठेवला होता. तिच्याच्यानं क्षमा मागवत नव्हती, आणि भावानं मागावी असंही तिला वाटत नव्हतं. तिला फक्त पेला पालथा व्हायला हवा होता. मग ती ओरडली असती, आजोबांसारखी, आणि दोघं हसले असते.

बोल काहीतरी, बेबीनं स्वतःला बजावलं. पण मोठ्याच्या आधी बोलायचं नव्हतं. ती खोकली. अप्पांनी तिच्याकडे पाहिलं, पण खोकल्याचा अर्थ त्यांनी कधी ठरवलाच नव्हता.

अप्पांनी डोळे मिटले. वास घेतला, घोट घेतला. तो त्यांनी थुंकला नाही, गिळला. नंतर बराच वेळ ते आत्याकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"ही," ते म्हणाले. "चिंगे, ही सगळ्यात चांगली. अशी वाइन बाबांनाही जमली नव्हती."

आत्याचं हसू चेहऱ्यावर होतं तिथेच राहिलं. आधी तिला वाटलं भाऊ थट्टा करतोय, आता पेला पालथा घालेल. ती पेल्याकडे बघत राहिली. अप्पांनी आणखी एक घोट घेतला आणि पेला सरळच्या सरळ टेबलावर ठेवला.

थोरल्याचं नाक बेताचं, पण चोर ओळखायला बेताचंही पुरतं. त्यानं पेला खाली ठेवला आणि वहिनी काही बोलणार तोच तिचा हात दाबला. मग तो सावकाश म्हणाला, "बेबी, तुला काय वाटतं?"

"अप्पा म्हणतात तेच."

"अप्पांचं ऐकलं मी. तुझं विचारतोय."

सगळे तिच्याकडे बघत होते. आजवर पहिल्यांदाच घरातल्या कुणी बेबीला तिचं मत विचारलं होतं, आणि ते ह्या वेळी! खरं बोललं तर अप्पा ह्याच टेबलावर, इतक्या वर्षांनी भेटलेल्या बहिणीपुढे, सगळ्यांपुढे उघडे पडणार. तिनं पेला उचलला आणि तळापर्यंत रिकामा केला.

"सगळ्यात चांगली," ती म्हणाली.

"तूही?" आत्यानं विचारलं.

बेबीनं रिकामा पेला सरळच टेबलावर ठेवला.

"बरं," आत्या म्हणाली आणि टेबल आवरायला लागली. "आवडली ना तुम्हाला? झालं तर. बाबांचं काही आठवण्याइतकी तुमच्याकडे सवड नसेल, ते कळलं मला. धुकं वाढतंय. निघा तुम्ही आता."

"अगं पण वाइनचं बोलायचं राहिलं," अप्पा म्हणाले. त्यांना काय बिघडलं तेच कळत नव्हतं. "चिंगे, मला ही तिसरी जितकी असेल तितकी—"

"निघ भाऊ," आत्या म्हणाली.

गाडी उताराला लागली तेव्हा वहिनी रडत होती. "आत्यांची थट्टा करायची ती कसली! इतक्या आशेनं बोलावलं होतं त्यांनी," ती कुणाला उद्देशून म्हणाली कोण जाणे. थोरला आता हळू चालवत होता, आणि ते बेबीला जास्त भीतिदायक वाटलं.

"कधीपासून?" त्यानं आरशात बघत विचारलं.

"काय कधीपासून?"

"सोंग पुरे, बेबी. त्या बाटल्या परत आल्या तेव्हाच मला शंका आली होती. तिथे बोललो नाही, कारण परक्या घरात बापाला उघडं पाडायला मी काही—"

बेबी काही उत्तर देणार, एवढ्यात अप्पांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बेबी," ते म्हणाले, "तिसऱ्या पेल्यात काय होतं?"

ते त्यांनी थोरल्यादेखत विचारलं. वहिनीदेखत. इतकी वर्षं जिवापाड जपलेलं गुपित त्यांनी असं सहज मांडून ठेवलं, की बेबीला हुंदका आला.

"चोर," ती म्हणाली. "आपला. आजोबांचा चोर होता, अप्पा."

अप्पांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर धुक्याशिवाय काही नव्हतं.

"तो देताना ती हसली," ते म्हणाले. "मला वाटलं, हीच तिची जिवाची वाइन असणार. वास तर मला येत नव्हता. म्हटलं, निदान तिच्या तोंडावरून ओळखावं. म्हणून त्याच वाइनचं कौतुक केलं मी. तिला बरं वाटावं म्हणून." ते थांबले. "थोरल्या, गाडी फिरव."

"अप्पा, रस्ता अरुंद आहे."

"फिरव म्हणतो ना!"

थोरल्यानं गाडी फिरवली. पुढे-मागे, पुढे-मागे करताना मागचं चाक कड्याच्या कडेला गेलं आणि वहिनी किंचाळली, पण अप्पा हलले नाहीत.

कमानीच्या अलीकडे बेबीला वास आला. काचा बंद होत्या तरी आला. तिनं काच खाली केली. रस्त्याच्या कडेच्या दगडी गटारातून काळपट लाल पाणी वाहत खाली येत होतं. पाणी कसलं, वाइनच ती.

"काय झालं?" अप्पांनी विचारलं. "काय आहे तिथे?"

अप्पांनी गाडी थांबण्याआधीच दार उघडलं आणि धडपडत उतरले. अंगणात एक जुनं, काळं पडलेलं पिंप आडवं पडलं होतं. त्याचं तोंड उताराकडे होतं आणि शेवटची धार फरश्यांवरून ओघळत होती. अप्पा त्या धारेत उभे राहिले. त्यांचे बूट भिजले. त्यांनी वाकून पिंपावरून हात फिरवला, लोखंडी पट्टीवर आजोबांनी ठोकलेली खूण त्यांच्या बोटांना लागली, आणि मग ते तसेच वाकून राहिले.

"वास येतोय?" त्यांनी विचारलं.

"येतोय," बेबी म्हणाली.

"फार?"

"सगळीकडे."

ते सावकाश सरळ झाले. बाहेरच्या टेबलावर धुवायला काढलेले पेले होते. त्यातला एक त्यांनी उचलला आणि टेबलावर पालथा घातला. आवाज व्हावा म्हणून जोरात घातला. पेल्याचा काठ तडकला. मग ते बंद दाराकडे बघत, बाबांनी शिकवलं होतं तसे, काही न बोलता उभे राहिले. आतून हालचाल झाली नाही. धुक्यात त्यांचा कोट ओला होत होता. थोरला गाडीजवळ उभा होता, वहिनी त्याच्या मागे, आणि आपण काय करावं हे दोघांनाही कळत नव्हतं.

शेवटी बेबीला ते बघवेना. ती दारापाशी गेली आणि दोन्ही मुठींनी दार बडवायला लागली.

"आत्या! अप्पांना वास येत नाही गं! कशाचाच येत नाही! त्या तापापासून त्यांचं नाक गेलंय. त्यांनी थट्टा नाही केली तुझी, त्यांना कळलंच नाही! ऐकतेस ना? त्यांना येत नाही वास!"

तिनं ते मोठ्यानं सांगितलं, सगळ्यांसमोर, जे कधीच कुणाला सांगणार नव्हती. अप्पांनी तिला थांबवलं नाही.

दारापलीकडे बुटांचा आवाज आला. कुणीतरी कडीपर्यंत आलं आणि थांबलं. बेबीनं कपाळ लाकडाला टेकवलं.

"त्याला येत नसेल," आत्याचा आवाज अगदी जवळून आला. "तुला तर येत होता ना?"

बूट आत निघून गेले. बेबीच्या मागे अप्पा अजून पालथ्या पेल्यापाशीच उभे होते.